साडेआठचं गाणं

३ मार्च

ताई,

पत्राच्या माथ्यावर काय लिहावं यातच अख्खी सकाळ गेली, म्हणून नुसतं ताई. बावीस वर्षांनी लिहितेय तर आधी तुझी, भावोजींची ख्यालीखुशाली विचारायला हवी. पण ते मागून. काल दुपारी मी माझी स्वतःची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली.

तू म्हणशील, हिची नाटकं सुरू झाली. नाही गं. माझी रीत तुला ठाऊक आहे. रेडिओवर पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा तीन आठवडे माझ्या तोंडून सूर फुटला नव्हता. तूच मला कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावायचीस. तेव्हापासून ठरवलं, एकदा टेप भरली की मागे वळून ऐकायचं नाही. गाण्याच्या धंद्यात साऱ्यांना हे माहीत होतं. मी एखाद्या हॉटेलात शिरले की मॅनेजर धावत जाऊन माझं गाणं बंद करायचा. लोकांना वाटायचं, केवढी विनयशील बाई. कसला विनय, भित्रेपणा होता.

तर झालं असं. रेकॉर्ड कंपनी माझी जुनी गाणी एकत्र काढतेय, सोबत शब्दांची छापील पुस्तिका. कंपनीची एक मुलगी रेकॉर्डवरून शब्द उतरवून माझ्याकडे तपासायला घेऊन आली. मी चष्मा चढवून, हातात लाल पेन घेऊन मास्तरणीसारखी बसले होते. ‘साडेआठ’चं पान आलं आणि त्यावर हे होतं:

साडेआठ वाजता निघतो घरातून,
कॉलर कडक, डबा हातात.
नकाशे काढायचा, आता बाक शोधतो.
जायचं कुठेच नाही, तरी घाई करतो,
आणि मी म्हणते, उशीर होईल हं.

मी त्या पोरीवर अशी उखडले की विचारू नकोस. “हे कुठून आणलंस? माझं गाणं ‘साडेआठ वाजता दिवे मंद होतील, दार उघडं ठेवीन, येशील ना’ असं आहे!”

ती हळूच म्हणाली, “मॅडम, रेकॉर्डवर असंच आहे.”

“गाणं मी लिहिलंय की तू?”

तिने वाद घातला नाही. पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि माझ्याच कपाटावरच्या, धूळ खात पडलेल्या प्लेअरवर लावली. पहिल्यांदा लंबूचा पियानो, मग ड्रम, मग मी. माझाच आवाज, मी एकोणचाळीसची असतानाचा, चांगला कडक. आणि तोंडात तुझी वाक्यं. दुसरं कडवं तर शब्दन् शब्द तुझं:

चष्मा विसरला, मी घेऊन गेले.
दारावरचा म्हणाला, ते इथे नसतात.
चष्मा आणून टेबलावर ठेवला,
म्हटलं, घरीच राहिला होता बघा.

मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. त्या मुलीने पाणी आणून दिलं.

भावोजींची नकाशाच्या कचेरीतली नोकरी गेली होती आणि तरी आठ महिने ते रोज साडेआठला निघून वाचनालयात आणि बागेत बसून संध्याकाळी घरी येत होते. तुला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. तरी तू रोज डबा भरत राहिलीस आणि ‘उशीर होईल हं’ म्हणत राहिलीस. हे तू मला एकटीलाच सांगितलं होतंस. आणि मी ते रेकॉर्डवर गायले. तू माझ्याशी बोलणं का टाकलंस, हे मला काल दुपारी साडेतीन वाजता कळलं.

तुला वाटेल मी मुद्दाम केलं. तसं नाही. आमची काम करायची पद्धत अशी होती: चाल आधी लंबूच्या पियानोवर तयार व्हायची, शब्द मागून यायचे. शब्द नसतील तोवर मी चालीत काहीबाही भरून गायचे. किराणा, धोब्याकडचे कपडे, दिवसभरात कानावर पडलेलं काहीही. आम्ही त्याला भरतीचे शब्द म्हणायचो. खरे शब्द आले की ते फेकून द्यायचे. त्या दिवशी खरे शब्द तयार नव्हते, म्हणून भरतीचे म्हटले. ती टेप पुसली जायला हवी होती. ती रेकॉर्डवर कशी गेली, देवालाच माहीत.

खाली माझा फोन नंबर लिहितेय. शिव्या द्यायला तरी कर.

तुझी
बडबडी


११ मार्च

ताई,

पाकीट मिळालं. वरचं तुझं अक्षर बघून मी जिन्यातच फोडलं. आत चिठ्ठी नव्हती. माझंच जुनं कार्ड होतं, पुढच्या बाजूला आमच्या बॅंडचा फोटो, मागे माझं ऐटबाज अक्षर:

“ताई, लिहिलेले शब्द मी कुणासाठी बदलत नाही. तुझ्या घरच्यांनाही जरा ऐकायची सवय लाव.”

मी जिन्याच्या पायरीवरच बसून राहिले. वरच्या मजल्यावरची बाई विचारून गेली, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, चप्पल सैल झालीय.

हे कार्ड मी कसं विसरले? विसरले नव्हते. मला ते माझं पराक्रमाचं वाक्य म्हणून पाठ होतं! मुलाखतींमधून मी ते दहा वेळा सांगितलंय. ‘माझ्या बहिणीने मला शब्द बदलायला सांगितलं, मी ठणकावून नाही म्हटलं.’ लोक टाळ्या वाजवायचे.

तुझं तेव्हाचं पत्र तीन ओळींचं होतं. “‘साडेआठ’मधले शब्द बदल. घरात बोलणं बंद झालंय. अजून करता येण्यासारखं असेल तर कर.” मी ते मेकअपच्या आरशासमोर वाचलं, एका डोळ्याला काजळ, एक कोरा. मला वाटलं, ताईला ‘दार उघडं ठेवीन, येशील ना’ खटकलं. आधीही तू नाक मुरडलं होतंस की, बायकांनी असं उघड लिहू नये म्हणून. तू एका गाण्याबद्दल बोलत होतीस आणि मी दुसऱ्याच. नाव तेच, सुरुवातही तीच, साडेआठ वाजता. मी रेकॉर्ड एकदा, फक्त एकदा ऐकली असती तर ते कार्ड लिहिलंच नसतं.

मग मी टेपवाल्या काकांकडे गेले. तेव्हाचे आमचे ध्वनिमुद्रक. आता ऐंशीच्या पुढे आहेत, एका कानात यंत्र, बाल्कनीत बावीस कुंड्या. मी मोजल्या, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मी विचारलं, “काका, ‘साडेआठ’ची तिसरी, भरतीच्या शब्दांची टेप रेकॉर्डवर कुणी घातली?”

“लंबूने. म्हणाला, हीच जाऊ दे.”

“आणि तुम्ही जाऊ दिलीत?”

“मी विचारलं ना त्याला, बाईंना माहीत आहे का? तो म्हणाला, आहे.” काकांनी झारी खाली ठेवली. “म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं?”

मी नकारार्थी मान हलवली. काका म्हणाले, “अहो, एवढ्या वर्षांत तुम्हाला कुणी बोललं कसं नाही?” मी पुन्हा कुंड्या मोजायला लागले.

लंबू माझ्या नावावर खोटं बोलला, ताई. सतरा वर्षं माझ्या डाव्या हाताला बसून वाजवत होता, आणि एका शब्दाने बोलला नाही. काकांच्या म्हणण्याप्रमाणे तो म्हणाला होता, “ही बाई स्वतःच्या शब्दांत खोटं बोलते. इथे चुकून खरं बोललीय.” ते शब्द कुणाचे आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं, तेवढं तरी खरं मान. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. आता भांडू कुणाशी?

एक व्यवहाराचं. पुस्तिका तीस तारखेला छापायला जाणार. ‘साडेआठ’ नसेल तर बाकीचं कुणी घेणार नाही, असं कंपनीचं म्हणणं. बरोबरच आहे ते. तू सांग. ठेवू की काढू?

बडबडी


१७ मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझी चुप्पी माझ्या परिचयाची आहे.

मागच्या दोन पत्रांत मी थोडी लबाडी केली. रात्रंदिवस ती टोचतेय, म्हणून लिहून टाकते.

पण आधी हे ऐक, कारण यातलं तुला काही माहीत नसेल. त्या रेकॉर्डच्या आधी मी काय होते? हॉटेलच्या जेवणघरात, स्वयंपाकघराच्या दारालगत उभी राहून दुसऱ्यांची गाणी म्हणणारी बाई. दार उघडलं की भांड्यांचा आवाज माझ्या सुरात मिसळायचा. तूच एकदा कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ऐकलं होतंस आणि म्हणाली होतीस, “लोक घास चावताहेत आणि तू गातेयस, लाज कशी वाटत नाही?” त्या रेकॉर्डनंतर माझ्या गाण्यात कुणी घास चावला नाही. मोठमोठी सभागृहं, अकरा देश, रेडिओवर दर आठवड्याला अर्धा तास. एका समीक्षकाने लिहिलं, “या गायिकेने ‘साडेआठ’मध्ये पहिल्यांदा खरं काही लिहिलं आहे, आणि पहिल्या कडव्याच्या शेवटचं तिचं हसू काळजात घुसतं.” मी ते कात्रण पाकिटात घालून हिंडले. मला वाटलं, माझ्या मंद दिव्यांचं कौतुक चाललंय. मग काय, मी आणखी साठ गाणी लिहिली, सगळीकडे दिवे आणि दारं. कुणी त्यांच्याबद्दल ब्र काढला नाही. का काढला नाही, हेही मला आता कळलं. माझं सगळं नाव ज्या एका गाण्यावर उभं आहे, ते मी लिहिलेलंच नाही. तू लिहिलंस, इस्त्री करता करता.

आता लबाडी.

लोक मला सांगायचे. कार्यक्रम संपला की कुणीतरी यायचंच: “बाई, रेकॉर्डवर शब्द वेगळे आहेत ना? तेच गा की.” मी मान उडवून म्हणायचे, “मी दर वेळी वेगळं गाते, जॅझ आहे हे.” आणि एकदा, रेकॉर्ड निघून पाच-सहा वर्षं झाली असतील, चपलांच्या दुकानात ते लागलं. माझा एक पाय नव्या बुटात होता. ‘निघतो घरातून’ एवढं कानावर पडलं. मी त्याच बुटात, दुसऱ्या पायात जुनी चप्पल, अशी तरातरा बाहेर आले. दुकानदार मागे धावला. मी त्याला सांगितलं, मी माझी गाणी ऐकत नसते. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला वाटतं, कळलं होतं. मी ते कळून घेतलं नाही.

आणि दुसरी. पहिल्या पत्रात मी लिहिलं की त्या दुपारी खरे शब्द तयार नव्हते. होते. कोटाच्या खिशात होते, चार घड्या घालून. पहिल्या दोन टेपा मी त्याच शब्दांनी म्हटल्या. तिसऱ्या वेळी लंबूने विचारलं, गळा मोकळा करायला एकदा उगाच म्हणतेस का, आणि मी तुझे शब्द म्हटले. उगाच नाही म्हटले. आदल्या दिवशीच तू मला सगळं सांगितलं होतंस आणि ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ते चांगले आहेत हे मला माहीत होतं, ताई. चालीत बसल्यावर कसे वाटतात हे मला एकदा ऐकायचं होतं. बहिणीची अब्रू होती ती, आणि मी ती सुरात लावून बघितली. मला स्वतःचीच शिसारी येतेय.

तीसला अजून तेरा दिवस आहेत.


२४ मार्च

ताई,

काल सकाळी अकराला फोन वाजला. मी म्हटलं, कंपनीची मुलगी असेल. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मला एकदम ओळख पटली.

“भावोजी?”

“हं. मीच.”

त्यांनी सांगितलं की माझं पहिलं पत्र तू वाचलंस, कार्ड पाठवलंस, आणि पुढची दोन न फोडता फळांच्या टोपलीखाली ठेवून दिलीस. “ती फोडत नव्हती, म्हणून मी फोडली,” ते म्हणाले. “दोन्ही वाचली. पहिलंही शोधून वाचलं.”

मी माफी मागायला लागले. त्यांनी मला थांबवलं.

“ते राहू दे. मी ते गाणं न्हाव्याच्या दुकानात ऐकलं होतं. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालाला फेस. न्हाव्याने आवाज वाढवला, म्हणाला, साहेब, हे ऐका, झकास आहे. उठून जाता येईना. पूर्ण ऐकलं.”

मला रडू फुटलं. ते थांबले, माझं रडणं संपेस्तोवर. किती सभ्य माणूस आहे गं.

मग म्हणाले, “दुसऱ्या दिवशी हिने डबा पुढे केला. मी म्हटलं, नको. एवढंच. पुढे पाठ्यपुस्तकांचे नकाशे काढायचं काम मिळालं, इथे राहायला आलो. पण त्या गोष्टीवर आम्ही कधी बोललो नाही. तिने काढली नाही, मीही नाही. बोलतो तसं. पंखा बंद कर, दूध आलंय का, तेवढं बोलतो.”

“बावीस वर्षं?”

“झाली खरी.” पुन्हा घसा खाकरला. “मला तुला एकच विचारायचंय. खरं सांग. तुला हे सांगताना ती हसत होती का?”

मला कळेना ते काय विचारताहेत.

“त्या ‘उशीर होईल हं’वर हसू आहे,” ते म्हणाले. “मला वाटलं, तिने जसं सांगितलं तसंच तू म्हटलंस. मला तेव्हापासून वाटतंय, तुम्ही दोघी बहिणी बसून हसला असाल माझ्यावर.”

ताई, समीक्षकाच्या काळजात घुसलेलं ते हसू! ड्रमवाल्याच्या हातून काठी निसटून माझ्या पायावर पडली होती, म्हणून मी हसले. मी त्यांना ते सांगितलं. काठीचं सांगितलं, ड्रमवाल्याचं थोबाड कसं झालं होतं तेही सांगितलं. मग तू कशी सांगत होतीस ते सांगितलं. की तू इस्त्री करत होतीस, माझ्याकडे पाठ करून. त्यांच्या शर्टाची कॉलर तू एकदा केलीस, पाणी मारून पुन्हा केलीस, मग तिसऱ्यांदा केलीस. आणि म्हणालीस, “यांना कळता कामा नये की मला माहीत आहे. तेवढ्या एका गोष्टीवर हे उभे आहेत.” नंतर तू इस्त्रीचा प्लग काढलास आणि बराच वेळ हात पुसत राहिलीस.

हे मी गाण्यात घेतलं नव्हतं. चालीत बसलं नसतं.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“तीनदा?” त्यांनी विचारलं.

“तीनदा. मी मागेच बसले होते.”

“बरं,” म्हणाले. “पुढचं पत्र आलं की मी तिला वाचून दाखवीन.”

तर हे ते पत्र. भावोजी, तुम्ही वाचत असाल तर इथे थांबून चष्मा पुसा, तुम्हाला सवय आहे. ताई, माझं गाणं तुझ्या घरात घुसून बावीस वर्षं खोटं हसत बसलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. मला तुझी क्षमा मागायचीही लाज वाटते. ठेवू की काढू, एवढं सांग.


३० मार्च

ताई,

तुझं कार्ड आज सकाळच्या टपालात आलं. पाठ झालंय, तरी उतरवून काढते, म्हणजे मी पुन्हा काही भलतंच समजले नाही याची खात्री होईल:

“यांनी विचारलं, कॉलर तीनदा का. मी म्हटलं, बसत नव्हती म्हणून. त्यावर हे हसले. मग मीही. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, जाईल असंही दिसत नाही. हे म्हणतात गाणं राहू दे, चांगलं आहे. मी म्हणते काढ. यायचं असेल तर सकाळी साडेआठला येऊ नकोस, आम्ही दोघं फिरायला निघतो. दहापर्यंत येतो.”

मी लगेच कंपनीत गेले. ती मुलगी म्हणाली, “मॅडम, यातलं सगळ्यात चांगलं तेच आहे.” मी म्हटलं, माहीत आहे. साहेबांनी तोंड वाकडं केलं, आता पुस्तिका निघणार नाही, रेकॉर्डही थोड्याच काढू म्हणाले. मी म्हटलं, थोड्याच काढा.

मुलीने विचारलं, त्या जागी ‘दिवे मंद होतील’वाले शब्द पुन्हा गाऊन देता का. मी नको म्हटलं.

काढलं, ताई. रविवारी दहानंतर येते.

बडबडी